सोसायटीचं पाणी पिण्यालायक आहे का, हे आपलं आपण कसं तपासायचं

गेल्या जुलैत आमच्या बी विंगमधे आठवड्याभरात पाच घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले, त्यातली एक तीन वर्षांची मुलगी तर सलाईनवर होती, आणि त्याच वेळी खाली लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर काचेच्या आत मे महिन्यातला लॅबचा रिपोर्ट लावलेला होता, "पाणी पिण्यास योग्य". ए विंगमधे एकही जण आजारी नाही. दोन्ही विंगला पाणी महापालिकेचंच, एकाच मीटरमधून येतं. मग बिघडलं कुठे? हे शोधायला आम्हाला चार दिवस लागले, खरंतर एका तासात सापडायला हवं होतं, आणि ते कसं सापडलं असतं तेच इथे सविस्तर लिहितेय. घोडबंदर रोडवरच्या, कळव्याच्या, कोपरखैरण्याच्या ओळखीच्या लोकांशी बोलले तर बऱ्याच ठिकाणी हेच चाललंय, वर्षातून एकदा बाटली भरून लॅबला द्यायची, कागद आला की फाईलला लावायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत निर्धास्त राहायचं.

लॅबचा रिपोर्ट खोटा नव्हता बरं का. मे महिन्यात पाऊस नव्हता, टाकीत बाहेरून काही शिरत नव्हतं, आणि बाटली भरली होती ए विंगच्या तळमजल्यावरच्या नळाला. रिपोर्ट फक्त त्या बाटलीतल्या पाण्याबद्दल आणि त्या दिवसाबद्दल सांगतो. म्हणून पाणी तपासायचं म्हणजे आधी पाण्याबरोबर चालत जायचं, गेटबाहेरच्या लाईनपासून शेवटच्या मजल्याच्या किचनपर्यंत, प्रत्येक ठिकाणी थांबून आजूबाजूला काय आहे ते बघायचं आणि क्लोरीन मोजायचं. बाटली लॅबला द्यायची ती सगळ्यात शेवटी. गावाकडे आरोग्य खातं साधारण हेच करतं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर विहिरी, टाक्या, नळ, गळत्या, आजूबाजूची घाण सगळं बघून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड देतात. शहरात आपल्या टाकीला असं कार्ड द्यायला कुणी येत नाही, ते काम आपणच करायचं.

आधी विचारा, हे पाणी कुणाचं

ठाण्यात पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर पिसेला पाणी उचलते आणि टेमघरला शुद्ध करते, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी उल्हास नदीवरून शहाडला उचललेलं असतं, काही भागाला मुंबई महापालिकेचं मिळतं, आणि कळवा-मुंब्रा-दिवा पट्ट्यात एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी येतं. नवी मुंबईला खालापूरजवळच्या धावरी नदीवरचं मोरबे धरण आहे, ते पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, तिथली क्षमता ४५० दशलक्ष लिटर रोजची. दिघा-ऐरोलीच्या काही भागात एमआयडीसीचं आणि खारघर-उलव्याकडे हेटवणे धरणाचं.

हे कशाला माहीत हवं? एक म्हणजे शटडाऊनची, म्हणजे दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याची, बातमी आली की ती आपल्याला लागू आहे का ते कळतं, आणि शटडाऊननंतरचा पहिला दिवस हा सगळ्यात जपून राहायचा दिवस. दुसरं म्हणजे ही सगळी पाणी पावसाची, धरण-नदीची आहेत, त्यामुळे मुळात मऊ असतात, साबणाला भरपूर फेस येतो, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, सहसा शंभरच्या आसपासच. एखाद्या दिवशी नळाला टीडीएस एकदम ६०० दिसला तर समजायचं की टाकीत दुसरं कुठलंतरी पाणी मिसळलंय. आपल्या प्रभाग समितीच्या पाणी खात्यात जाऊन विचारा, कुठल्या जलकुंभावरून आपल्याला पाणी येतं आणि किती वाजता सोडतात. ते सांगतात, नीट विचारलं की सांगतातच.

मग चालायला लागा, पाणी यायच्या वेळी

सोबत टॉर्च, वही-पेन, एक पांढरा कोरा कागद, ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातला क्लोरीन मोजायचा, किट आणि मोबाईल. प्लंबरला आणि वॉचमनकाकांना बरोबर घ्या, कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते कमिटीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

सुरुवात गेटच्या बाहेरून. आपली सर्व्हिस लाईन रस्त्यावरून कशी आलीय, गटारातून किंवा नाल्यावरून तर आली नाही ना, व्हॉल्व्हच्या चेंबरमधे पाणी साचलंय का, रस्ता कायम ओला राहतो अशी जागा आहे का. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास नसतं, ठरलेल्या वेळी येतं. लाईन भरलेली असते तेव्हा भोकातून पाणी बाहेर गळतं, तेवढंच नुकसान. पण पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, बाहेर गटार असेल तर गटाराचं. त्यात शेजारपाजारच्या कुणी लाईनला थेट मोटर लावली असेल तर हे ओढणं आणखी जोरात होतं. म्हणून पाणी आल्या आल्या पहिली पाच-दहा मिनिटं जे येतं त्याचाच वास घ्या, तेच पांढऱ्या कागदापुढे ग्लासात धरून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं आणि ग्लासात खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती हवा आहे, घाबरू नका. लालसर असेल तर गंज, लोखंडी पाईपचा. पण काळपट, फेसाळ किंवा गटारासारखा वास येणारं असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, फोटो काढा आणि त्याच क्षणी महापालिकेला कळवा.

आता खालची टाकी. आमचं सगळं प्रकरण इथेच होतं, त्यामुळे जरा थांबून सांगते. आमच्याकडे दोन्ही विंगच्या खालच्या टाक्या वेगळ्या, बी विंगची टाकी पार्किंगच्या उताराच्या बाजूला. झाकण नवं, कुलूपवालं, जाळी बसवलेली, वरून बघणारा म्हणेल किती छान. टॉर्च मारून आत बघितलं तर वरच्या बाजूला ओव्हरफ्लोच्या पाईपचं तोंड होतं आणि त्या तोंडाखाली भिंतीवर बोटभर रुंदीचा काळा ओघळ खाली पाण्यापर्यंत गेलेला. ओव्हरफ्लोमधून पाणी बाहेर जायला पाहिजे, मग ओघळ आतल्या बाजूला कसा? पाईपचं दुसरं टोक शोधलं तर ते पार्किंगमधल्या पावसाच्या पाण्याच्या चेंबरमधे सोडलेलं होतं, ना जाळी, ना उंची. जोराचा पाऊस झाला की चेंबर तुंबायचा आणि ते पाणी, गाड्या धुतल्याचं, कुत्र्या-मांजरांच्या घाणीचं, शेजारच्या ड्रेनेजमधून वर आलेलं सगळं, त्या पाईपमधून उलटं टाकीत. जुलैचा तो आठवडा आठवा, सलग तीन दिवस पाऊस होता. बिल्डिंग बांधली तेव्हापासून हा पाईप असाच असणार आणि आम्ही एवढी वर्षं वरचं झाकण पुसत होतो, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तेव्हा खालच्या टाकीला हे बघाच: झाकणाची कड जमिनीपासून निदान वीतभर तरी वर आहे का, पार्किंगमधे पाणी साचलं तर ते झाकणावरून आत जाईल का, ओव्हरफ्लोचं बाहेरचं टोक कुठे उघडतं, त्याला बारीक जाळी आहे का, ड्रेनेजचं चेंबर किंवा जुनी सेप्टिक टँक किती जवळ आहे. टाकी गळते का ते बघायची साधी पद्धत म्हणजे रात्री टाकी भरून येणारे-जाणारे सगळे व्हॉल्व्ह आणि पंप बंद करायचे, पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारायची आणि पहाटे बघायचं. रेघेखाली गेलं असेल तर कुठेतरी भेग आहे, आणि ज्या भेगेतून उन्हाळ्यात पाणी बाहेर जातं त्याच भेगेतून पावसाळ्यात, जमीन पाण्याने भरली की, बाहेरचं आत येतं. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगांमधे तर हे नक्की करा.

गच्चीवरच्या टाकीत वेगळे प्रश्न. झाकण वाऱ्याने सरकलेलं, हवेच्या पाईपला जाळी नाही, कबुतरांची घाण, तळाला गाळ, भिंतीला शेवाळ. टाकीत दोन-तीन कप्पे असतील तर एखाद्या कप्प्यातलं पाणी फिरतच नाही, तिथेच दिवसेंदिवस पडून राहतं.

आणि नव्या टॉवरमधे एक फार महत्त्वाची गोष्ट, फ्लशिंगची लाईन. फ्लशला बोअरचं किंवा एसटीपीमधून शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात, ते योग्यच आहे, पण एखाद्या फ्लॅटच्या रिनोव्हेशनमधे प्लंबरने बाथरूममधे दोन लाईनी चुकून जोडल्या तर ते पाणी पिण्याच्या लाईनमधे येतं आणि फक्त त्याच घरात नाही, त्या डक्टमधल्या सगळ्या घरात येऊ शकतं. तपासायचं असं की गच्चीवरून पिण्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, फ्लशिंगचा चालू ठेवायचा, पाईपमधलं उरलेलं निघून जाऊ द्यायचं आणि मग प्रत्येक घराने किचनचा नळ उघडून बघायचा. पाणी यायला नको. येतंय म्हणजे जोडणी आहे.

ओटी टेस्ट, पाच मिनिटांचं काम

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन घालून पाठवतात ते फक्त प्लँटवरचे जंतू मारायला नाही, वाटेत काही शिरलं तर त्याला तोंड द्यायला थोडा क्लोरीन शिल्लक राहावा म्हणून. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे आपला पहारेकरी. आयएस १०५०० या भारतीय मानकात नळाला तो लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा असं आहे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५.

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. किटमधे छोटी काचेची नळी, एक ड्रॉपरची बाटली आणि पिवळ्या रंगाच्या छटांची पट्टी असते. नळ दोन मिनिटं वाहू द्या, नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, हलवा आणि लगेच, पहिल्या दहा सेकंदात, पांढऱ्या कागदापुढे सावलीत धरून रंग जुळवा. लगेच पिवळा झाला तर तो मोकळा क्लोरीन, कामाचा. सुरुवातीला काहीच नाही आणि पाच-दहा मिनिटांनी हळूहळू पिवळा होतोय तर क्लोरीन अमोनियासारख्या कशाशी तरी बांधला गेलाय, आणि सांडपाण्यात अमोनिया असतोच, त्यामुळे असं दिसलं तर कान टवकारायचे. ते द्रावण ॲसिडमधलं आणि विषारी असतं, हाताला लावू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि नळीतलं पाणी कधीही परत टाकीत ओतू नका. जमलं तर डीपीडीच्या गोळ्यांचा किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो, जास्त अचूक आणि कमी घातक, थोडा महाग पडतो.

मोजायचं कुठे कुठे? मीटरला, खालच्या टाकीत, वरच्या टाकीत, सगळ्यात लांबच्या घराच्या किचनमधे. आमचे त्या दिवशीचे आकडे वहीत आहेत: मीटरला ०.५, ए विंगच्या खालच्या टाकीत ०.४, बी विंगच्या खालच्या टाकीत शून्य. नळी हातात धरून आम्ही तिघं तशीच उभी होतो, पाणी काचेसारखं स्वच्छ, पिवळ्याचा मागमूस नाही. मीटर आणि टाकीत अंतर जेमतेम वीस पावलं. दोष बाहेरच्या लाईनचा नाही, आमच्याच टाकीचा आहे, हे सांगायला आणखी कशाची गरज नव्हती. ही टेस्ट पहिल्याच दिवशी केली असती तर चार दिवस लोक ते पाणी प्यायले नसते.

एक लक्षात ठेवा, क्लोरीन आपोआपही उडतो. उन्हात तापलेल्या टाकीत दोन दिवस पडलेलं पाणी असेल तर घाण न शिरताही शून्य येईल. त्यामुळे शून्य म्हणजे पाणी घाणच असं नाही, पहारेकरी गेलाय एवढं नक्की, आणि का गेला ते शोधायचं. हे आकडे पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा लिहून ठेवले की एकदम पडलेला आकडा लगेच डोळ्यात भरतो.

टँकर

घोडबंदर पट्ट्यात टँकरशिवाय भागत नाही अशा बऱ्याच सोसायट्या आहेत. टँकरवाल्याला भरल्याची जागा विचारा, महापालिकेच्या भरणा केंद्रावरून की खाजगी विहीर-बोअरवरून. नुसत्या त्याच्या सांगण्यावर जाऊ नका, पाणी स्वतः सांगतं. टाकीत सोडायच्या आधी एक मग पाणी घ्या, ओटी टेस्ट करा आणि टीडीएस मीटर बुडवा. महापालिकेचं म्हणून आणलं आणि टीडीएस ७०० दाखवतोय तर ते महापालिकेचं नाही. पाईपचं तोंड बघा, मातीत पडलेलं तसंच उचलून टाकीत घालतात, ते धुवायला लावा. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, क्लोरीन, टीडीएस, पाच रकान्यांची वही वॉचमनकडे ठेवली की टँकरवालाही सांभाळून पाणी आणतो. जमेल तर टँकरचं पाणी फक्त वापराच्या टाकीत घ्या, पिण्याच्या टाकीत नको.

टीडीएसवरून फसू नका

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतू अजिबात सांगत नाही. ज्या पाण्याने आमच्याकडची मुलं आजारी पडली त्याचा टीडीएस ११० होता. घरोघरी फिरणारे लोक दोन सळ्यांचं यंत्र आणतात, आपल्या नळाच्या पाण्यात बुडवून विजेचं बटण दाबतात आणि मिनिटभरात ग्लासात तांबूस-काळा चोथा तयार होतो, आणि म्हणतात बघा काकू तुम्ही काय पिताय. तो चोथा पाण्यात नव्हता, त्या लोखंडी सळीच विजेने झिजून पाण्यात उतरल्या. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज नीट वाहत नाही आणि चोथा होत नाही, एवढंच. त्यांना सांगा आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत करा, तिथेही होईल. मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलाच धरलाय, आणि २०१९ मधे राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ नको असंच सांगितलं होतं. धरणाच्या पाण्याला आरओ लावून पाणी वाया घालवण्यापेक्षा साधा फिल्टर आणि उकळणं पुरतं. बोअरचं पाणी पिण्याला वापरत असाल, विशेषतः खाडीजवळ, तर गोष्ट वेगळी, तिथे खारटपणा खरंच असतो.

आता लॅब

दोन चाचण्या वेगळ्या धरा. जंतूंची चाचणी पावसाळ्याच्या तोंडावर, पावसाळ्याच्या मधे आणि टाकी धुतल्यावर. रसायनांची वर्षातून एकदा पुरते, बोअर असेल तर दोनदा. ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्याजवळ बोअर असेल तर शिसं, क्रोमियम असे जड धातूही बघायला सांगा, नेहमीच्या पॅकेजमधे ते नसतात. लॅब एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली हवी, आणि मान्यता पाण्याच्या जंतूचाचणीसाठीच आहे ना हे विचारा, लेटरहेडवर शिक्का असला म्हणजे सगळ्याला लागू असं नसतं.

सॅम्पल कसं घेतात ते समोर उभं राहून बघा. आमच्याकडे एकदा एका लॅबचा मुलगा आला, त्याने बॅगेतून मिनरल वॉटरची रिकामी बाटली काढली, नळाखाली दोनदा खळबळून भरली आणि बाईकच्या डिकीत टाकून निघाला, दुपारचे बारा वाजले होते. त्या रिपोर्टला काहीच अर्थ नाही. जंतूंसाठी बाटली निर्जंतुक केलेली, बंद आलेली पाहिजे आणि आत थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीनला थांबवतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा चांगला येतो. म्हणून ती बाटली विसळायची नाही. नळाची जाळी काढायची, तोंड स्पिरिटने पुसून ज्योतीने तापवायचं, नळ प्लास्टिकचा असेल तर नुसतं पुसायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, झाकणाला आतून बोट न लावता बाटली भरायची, वर थोडी जागा ठेवायची आणि बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांच्या आत लॅबमधे. एक सॅम्पल घेऊ नका, निदान तीन घ्या: मीटर, वरची टाकी, लांबचं किचन. पैसे जास्त लागतात, पण एका सॅम्पलने पाणी वाईट आहे एवढंच कळतं, कुठे वाईट झालं ते कळत नाही.

रिपोर्ट आला की शेवटची ओळ वाचून ठेवून देऊ नका. ई. कोलाय आणि कोलिफॉर्म, दोन्ही १०० मिलीमधे अजिबात सापडायला नकोत. एमपीएन या, जंतूंची संख्या अंदाजाने काढायच्या, पद्धतीत "<२" किंवा "<१.८" लिहिलेलं असलं तर घाबरू नका, सापडले नाहीत असाच त्याचा अर्थ. ई. कोलाय सापडला म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात आलीय, याच्यात दुसरी शक्यता शोधत बसायचं नाही. नुसते कोलिफॉर्म सापडले तर टाकीतलं शेवाळ, गाळ, जुनी पाईप यामुळेही असू शकतं, तरी टाकी धुवून परत तपासायचं. गढूळपणा १ च्या खाली उत्तम, ५ च्या वर नकोच, कारण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीन पोचत नाही. पीएच ६.५ ते ८.५. नायट्रेट ४५ च्या आत, वर असेल तर बोअरमधे सांडपाणी मुरतंय का बघा. कडकपणा २०० पर्यंत चांगला.

आणि रिपोर्ट चांगला आला तरी विषाणूंबद्दल तो काही सांगत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं पात्र सरकून नाल्याचं पाणी वजिराबादच्या प्लँटमधे ओढलं गेलं, तिथे क्लोरीन वाढवला होता, तरी पुढच्या काही आठवड्यांत जवळपास २९ हजार लोकांना कावीळ झाली, विषाणू पलीकडे पोचला होता. आपल्याकडे २०१२ मधे इचलकरंजीत काविळीची मोठी साथ झाली, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले आणि तिथेही बोट पाण्याकडेच गेलं. म्हणून टाकीजवळ घाण दिसतेय आणि रिपोर्ट चांगला आहे, तर घाणीवर विश्वास ठेवा, रिपोर्टवर नाही.

आजारी माणसांची यादी ठेवा

हे सहसा कुणी करत नाही. ग्रुपवर कुणी लिहिलं की मुलाला जुलाब होतायत, तर विंग, फ्लॅट नंबर, कधीपासून, किती जण, एवढं एका कागदावर टिपा. दोन-तीन घरांवर गेलं की टाकीनुसार मांडा. आमची पाचही घरं एकाच टाकीवरची होती, पण प्रत्येकाला वाटत होतं बाहेरच्या पाणीपुरीने झालं असेल. जुलाब-उलट्या काही तासांत ते दोन-चार दिवसांत होतात, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, आणि कावीळ व्हायला साधारण दोन ते सहा-आठ आठवडे. म्हणजे आज काविळीचे तीन रुग्ण निघाले तर दोष महिन्याभरापूर्वीच्या पाण्यात होता, आजचं सॅम्पल चांगलं आलं म्हणून टाकीला क्लीन चिट देता येत नाही. बिल्डिंगमधे कुणी गरोदर असेल तर तिला पहिल्या दिवसापासून उकळलेलंच पाणी द्या, हेपटायटिस ई ही कावीळ त्यांच्या जिवावर बेतते. आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा, बदनामी होईल, फ्लॅटचे भाव पडतील असल्या विचाराने लपवू नका.

बिघडलेलं सापडलं तर

त्याच तासात ग्रुपवर आणि दारोदार सांगा की पाणी उकळूनच प्या, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट. दात घासायला, भाजी-फळं धुवायला, बर्फाला तेच. टाकी रिकामी करा, ज्या वाटेने घाण आली ती वाट आधी बंद करा, आम्ही ओव्हरफ्लोचा पाईप चेंबरमधून काढून भिंतीवर उंच घेतला, तोंड खाली वळवून जाळी लावली, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. मग गाळ काढून, भिंती घासून, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी पावडर साधारण ३३ टक्क्यांची असते, उघडी राहिली की उतरते. धुतलेली टाकी निर्जंतुक करायला भरलेल्या दर १००० लिटरला १५० ग्रॅम पावडर, रात्रभर ठेवायची, मग ते सगळं पाणी सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. रोजच्या पाण्याला इतकी नाही, तिथे १००० लिटरला ५ ग्रॅमचा हिशोब सांगतात, महापालिकेच्या पाण्यात आधीच क्लोरीन असतो म्हणून त्याच्या निम्म्याने सुरुवात करा, अर्ध्या तासाने ओटी बघा, ०.५ च्या आसपास आलं की बस. पावडर थेट टाकीत टाकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी ओतायचं. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनरजवळ ती नेऊ नका, विषारी गॅस होतो.

टाकीत उतरणाऱ्या माणसाची काळजी तुमच्यावर आहे. सगळी झाकणं आधीच उघडी टाका, पंखा लावून हवा खेळू द्या, कमरेला दोर, वर दुसरा माणूस उभा, आणि आत विजेची वायर नको, बॅटरीचा टॉर्च. एकट्याला कधीही उतरवू नका, बंद टाकीत गुदमरून माणसं गेलेली आहेत.

चाळीत, गावठाणात, जिथे सोसायटीची टाकीच नाही आणि नळ गटाराच्या कडेने येतो, तिथे क्रम तोच, फक्त टाकीच्या जागी घरातलं पिंप. पहिलं पाणी धुण्याभांड्याला, नंतरचं पिण्याला. पिंपाला झाकण, काढायला लांब दांड्याचं ओगराळं, हात आत बुडवायचा नाही, तोटीवालं भांडं असेल तर सगळ्यात बरं. आठ-दहा घरांनी मिळून एक ओटी किट घेतला तरी पुष्कळ दिवस जातो. आणि गळकी लाईन असेल तर एकट्याने नाही, सगळ्यांच्या सह्यांचं पत्र, सोबत तारीखवार आकडे, प्रभाग समितीत द्या आणि पोचपावती घ्या. पाणीपुरवठा हे कायद्याने महापालिकेचं बंधनकारक काम आहे, आणि तुमच्या भागातल्या पाणी-नमुन्यांचे रिपोर्ट माहितीच्या अधिकारात मागता येतात. नुसतं "पाणी खराब येतं" असं लिहिलेल्या पत्रापेक्षा "१२ तारखेला सकाळी सहा वाजता नळाला क्लोरीन शून्य, शेजारच्या गल्लीत ०.४" असं लिहिलेलं पत्र घेऊन गेलात की इंजिनिअर उठून बघायला येतो, आमच्या मागच्या चाळीतल्या बायकांनी असंच केलं आणि लाईन बदलून घेतली.

आमच्याकडे आता पंप हाऊसमधे खिळ्याला वही टांगलेली असते. सकाळी साडेसहाला वॉचमनकाका चार ठिकाणी नळी धरतात, आकडे लिहितात, फोटो ग्रुपवर टाकतात. ०.२ च्या खाली आलं की पंप चालू करायच्या आधी मला किंवा सेक्रेटरींना फोन करायचा, रात्री-अपरात्री सुद्धा, एवढंच त्यांना सांगून ठेवलंय. ऑगस्टमधे दोनदा फोन आला. एकदा गच्चीवरचं झाकण उडालं होतं, एकदा शटडाऊननंतरचं पाणी होतं, दोन्ही वेळा पाणी घरात पोचायच्या आधीच थांबवलं.